खिरीचा सण, बिरड्याचा सण

माझ्या आजीला हिब्रू महिन्यांची नावं क्रमाने सांगता येत नसत. तिश्री, किसलेव, अदार ही नावं आम्हा मुलांच्या तोंडी, कारण आम्हाला ती पाठ करायला लावली होती. आजीचं वर्ष वेगळं चाले. त्यात नव्याचा सण असे, पाठोपाठ खिरीचा सण, मग दारफळणीचा सण आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. फाल्गुनाच्या सुमाराला होळीचा सण, त्यानंतर अनाशी ढाकाचा सण, आणि श्रावणाच्या आगेमागे बिरड्याचा सण. जगभरचे ज्यू ज्यांना रोश हशाना, योम किप्पुर, पुरिम, पेसाह आणि तिशा बेआव म्हणतात, ते सगळे सण या यादीत आहेत. फक्त आजीने ते कोकणच्या महिन्यांत आणि कोकणच्या भांड्यांत ओळखले होते.

मी बेने इस्रायल. आमचं घराणं रेवदंड्याकडचं, आडनावात गाव असलेलं. कोकणातल्या आमच्या बहुतेक घराण्यांची आडनावं अशीच आहेत: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर. आता ठाण्यात राहते. नोकरीची सगळी वर्षं शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, आणि त्या काळात एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. आमच्या लोकांचा धर्म कित्येक पिढ्या पुस्तकाशिवाय राहिला, तो स्वयंपाकघरात राहिला, आणि बायकांनी तो राखला. भावनेच्या भरात मी हे म्हणत नाही. ताटात काय आहे आणि काय नाही, एवढं नीट पाहिलं तरी ते दाखवता येतं.

1738 साली एका युरोपीय मिशनऱ्याने लिहिलेल्या पत्रात आमचा उल्लेख येतो. स्वतःला बेने इस्रायल म्हणवणारे लोक या किनाऱ्यावर आहेत, त्यांच्याकडे धर्मग्रंथ नाहीत, हिब्रू त्यांना येत नाही, ‘शेमा’ ही एकच प्रार्थना ते जाणतात, असं त्यात म्हटलं आहे. हे वर्णन खरं असणार, कारण आमच्यातही तेच सांगतात. परंपरा अशी की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं तिथेच दोन ढिगांखाली पुरली, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. सामान, पोथ्या, सगळं समुद्राने नेलं. हे कधी घडलं याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 साली आमचा इतिहास इंग्रजीत लिहून काढला, त्यात ते हा काळ इसवी सनाच्या आधीचा मानतात. त्यांचा तो ग्रंथ पुढे 1937 साली तेल अवीवला छापला गेला. सालाचा वाद मी विद्वानांवर सोडते. पोथ्या नव्हत्या हे मात्र नक्की, आणि माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तिथून सुरू होते.

वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शुक्रवारचा सूर्य मावळला की घाण्याचा बैल सोडायचा आणि शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत पुन्हा जुंपायचा नाही. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते ‘सोमवार तेली’. गावाने दोघांचाही सुटीचा वार मानला आणि दोघांकडूनही तेल घेतलं. शनिवार पाळणं, मुलाची सुंता, शेमा आणि खाण्यातली पथ्यं, इतक्याच गोष्टी आमच्या हाती उरल्या होत्या. यातली पहिली तीन वारावर, एका दिवसावर किंवा एका ओळीवर भागतात. चौथी रोज दोनदा, प्रत्येक चुलीवर, प्रत्येक बाजारात सांभाळावी लागते.

डेव्हिड रहाबींची गोष्ट आमच्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. कोचीनचा हा ज्यू व्यापारी कोकणात आला. हे तेली खरंच इस्रायलचे वंशज आहेत का, याचा त्याला संशय होता. त्याने पुरुषांना प्रश्न विचारत बसण्याऐवजी बायकांपुढे मासळी टाकली, वेगवेगळ्या जातीची, एकत्र, आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे बाजूला काढले आणि बाकीचे परत केले. आम्ही हे खात नाही, एवढंच म्हणाल्या. रहाबींची खात्री पटली आणि त्यांनी धर्मशिक्षणाला सुरुवात केली. गोष्ट कितपत घडली तशी आहे हे ठरवणं अवघड आहे. कोचीनच्या रहाबी घराण्याचे व्यापारी अठराव्या शतकात डचांबरोबर काम करत होते, एवढं इतिहासात आहे. पण समाज स्वतःची ओळख पटल्याची गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीतला पुरावा बायकांच्या हातात देतो, ही मला साधी बाब वाटत नाही.

ते पथ्य कोकणात पाळणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावर राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा, पाला चालतो. कोळंबी नाही, चिंबोरी नाही, तिसऱ्या नाहीत, कालवं नाहीत, माकुल नाही, शिंगाळा आणि मुशीही नाही. म्हणजे आसपासच्या घरांत गरिबांचं म्हणून जे रोजचं कालवण असतं, त्यातलं निम्मं वर्ज्य. पावसाळ्यात तर पंचाईत मोठी. होड्या बंद असतात तेव्हा अलिबाग-रेवदंड्याची घरं सोड्यांवर आणि जवळ्यावर चालतात. वांग्यात सोडे, वालात सोडे, पोह्यांतसुद्धा सोडे. जवळ्याची चटणी आणि भाकरी हे तर पावसाचं जेवणच. आमच्या घरात यातलं काही शिरलं नाही. आजी सुका बांगडा ठेवी आणि बाकी भार वालांवर टाकी. शेजारच्या कोळणीला हे इतकं माहीत होतं की ती पाटी उतरवतानाच आमचा वाटा वेगळा काढी आणि म्हणे, “हे तुमचं, आजी. खालचं बघू नका.” आपलं पथ्य शेजाऱ्यांनीही पाठ करावं, इतकं ते पाळलं गेलं होतं.

दुसरं पथ्य दुधाचं. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असं तोरा या आमच्या धर्मग्रंथात तीनदा येतं, आणि त्यावरून मांस आणि दूध एका जेवणात येऊ द्यायचं नाही असा नियम झाला. जगातल्या इतर देशांत ज्यूंनी यावर आपापल्या परीने वाट काढली. कोकणात ती वाट झाडावरच लटकत होती. नारळाचं दूध मांसाबरोबर चालतं, कारण ते दूधच नाही. आमच्या मटणाच्या रश्श्यात, सणाच्या खिरीत, हलव्यात, सांदणांबरोबर वाढायच्या गोड रसात नारळाचाच रस. आजूबाजूची घरंही नारळ वापरत होतीच, त्यामुळे परक्याच्या नजरेला आमच्या ताटात काही वेगळं दिसत नसे. वेगळेपण न घातलेल्या गोष्टीत होतं: मटणाला दही चोळलेलं नाही, शेवटी तुपाची धार नाही, जेवणावर ताक नाही. तेल घरच्या घाण्याचं, तिळाचं नाहीतर खोबऱ्याचं. धंदा आणि पथ्य इतके एकमेकांना धरून होते की त्यातलं आधी कोणतं आलं असेल असा प्रश्न मला नेहमी पडतो. आमचे पूर्वज गालीलमध्येही तेलच काढत होते, असं जुनी माणसं सांगत.

मांसाचंही तसंच. प्राणी हझानने, म्हणजे आमच्या धार्मिक विधी करणाऱ्या माणसाने, रीतीप्रमाणे कापलेला हवा. रक्त पोटात जाता कामा नये, म्हणून मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात, मग पुन्हा तीन पाण्यांनी धुवायचं. कलेजीचं रक्त मिठाने निघत नाही, ती निखाऱ्यावर भाजावी लागते. पेण-उरणच्या मिठागरांचं जाडं मीठ यासाठी उत्तम, कारण बारीक मीठ मांसात जिरतं आणि जाडं वर राहून रक्त ओढून घेतं. गावात हझान नसेल तर मांस नाही. कित्येक गावांत तो महिन्यातून एकदा फेरी मारी. मधले दिवस मासळीवर आणि कडधान्यावर जात, आणि कोणाची तक्रार नसे.

आता सणांकडे येते, कारण माझा मुद्दा तिथेच उभा राहतो किंवा पडतो.

बिरड्याचा सण घ्या. आव महिन्याची नववी तिथी, जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेल्याचा शोक. इतर देशांतले ज्यू त्या उपासाच्या आधीच्या जेवणात मसूर किंवा अंडी खातात. मसूर गोल, तोंड नसलेला, म्हणून तो शोकाचं धान्य मानतात. कोकणात कडधान्य म्हणजे वाल. त्या महिन्याचे आधीचे दिवस आमच्यात मांस वर्ज्य, आणि सणाच्या जेवणात बिरडं, तेही ताट न घेता केळीच्या पानावर. मंदिर कोणी पाडलं, किती साली पाडलं, हे पोथी नसलेल्या पिढ्यांना सांगता आलं नसतं. त्या दिवशी सुतक्यासारखं साधं कडधान्य खायचं, चांगल्या भांड्यात वाढायचं नाही, एवढं मात्र त्यांच्या हाताला माहीत होतं. आजीला कोणी विचारलं असतं की हे का, तर तिने सांगितलं असतं, “तो दुःखाचा दिवस आहे.” इतिहासाच्या शिक्षिकेला याहून जास्त काय हवं?

बिरडं करायची तिची रीत लिहून ठेवते. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून जाड फडक्यात घट्ट बांधायचे आणि वर जड पाटा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मोड बोटाच्या पेराएवढे येतात. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. डाळिंबी अखंड राहिली पाहिजे. फोडणीत तेल, लसूण, अलिबागचा पांढरा कांदा, हळद, तिखट. वाल घालून वर ताटात पाणी ठेवून वाफेवर शिजवायचे, ढवळायचे नाहीत, भांडंच हलवायचं. शेवटी ओलं खोबरं, दोन आमसुलं, चिमूटभर गूळ. हे बिरडं आणि शेजारच्या पाठारे प्रभूंचं किंवा चौकळशींचं बिरडं यांत चवीचा फरक फारसा नाही. फरक आहे तो ते कोणत्या दिवशी आणि कशासाठी रांधलं यात.

होळीचा सण म्हणजे पुरिम. अदारची चौदावी तिथी आणि फाल्गुनी पौर्णिमा, दोन्ही महिने चंद्राचे, त्यामुळे बहुतेक वर्षी दोन्ही सण एकमेकांना चिकटून येतात. गावात पुरण शिजायचं आणि आमच्याकडेही पुरणपोळीच. अनाशी ढाकाचा सण म्हणजे पेसाह. घरात आंबट रसाचं जे मडकं वर्षभर असे, ते त्या दिवसांत झाकून दूर ठेवायचं. पेसाहमध्ये आंबवलेलं काही घरात ठेवायचं नाही हा मूळ नियम. ग्रंथ नसताना त्यातलं ‘आंबट’ तेवढं लक्षात राहिलं आणि मडक्यावर झाकण पडलं. तिश्रीच्या चौथ्या दिवशी खिरीचा सण, नारळाचा रस आणि गूळ घालून खीर, समोर ऊद जाळून शेमा. दारफळणीला दारं लावून, पांढरं नेसून दिवसभर उपास. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दारं उघडायची, दानधर्म करायचा, शेजाऱ्यांकडे जायचं. आणि नव्याच्या सणाला चिकाचा हलवा.

हा हलवा मी अजून करते, तोही जुन्या पद्धतीने. गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं. मग वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा आणि रात्रभर स्थिर ठेवायचा. सकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र घट्ट चीक उरतो. कुरडया करणाऱ्या घरांना हे सगळं माहीत आहे. त्यात नारळाचं पहिलं आणि दुसरं दूध, साखर, थोडा गुलाबी रंग. मोठं जाड बुडाचं पातेलं, लांब दांड्याचा कलथा, आणि दोन माणसं, कारण एकाच्या हाताने हे होत नाही. पहिला तासभर काही घडल्यासारखं वाटत नाही. मग अचानक घट्ट येतं, बुडबुडे फुटून अंगावर उडतात, कडेला तेल सुटायला लागतं. ते तेल नारळाचंच. कलथा उभा धरला तर गोळा त्याला धरून एकसंध उचलला जातो, तेव्हा वेलची-जायफळ घालून ताटात ओतायचा, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबायचे आणि निवल्यावर शंकरपाळ्याच्या आकारात वड्या पाडायच्या. हल्ली बरेच जण चीक काढायचा त्रास घेत नाहीत, चायना ग्रास किंवा कॉर्नफ्लोअर घालतात. दिसायला तो हलवा देखणा होतो, पण दाताखाली तो तुटतो, चिकाचा ताणला जातो. मला तो हलवा मान्य नाही, आणि हे मी घराघरात सांगत असते. शेजाऱ्यांकडे, मग ते कोणत्याही जातीधर्माचे असोत, नव्याच्या सणाला हलव्याचं ताट गेलंच पाहिजे, आणि दिवाळीला ते ताट भरून परत येतं.

मलिद्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. नवस फेडायचा असो, मुलगा झाला असो, लग्न ठरलं असो, नवं घर घेतलं असो, आम्ही मलिदा करतो. मोठ्या थाळ्यात भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा. भोवती केळी, खजूर, सफरचंद, संत्री, मिळतील ती फळं. मध्ये गुलाब आणि सब्जाच्या डहाळ्या. झाडाच्या फळावरची बराखा वेगळी, जमिनीत उगवणाऱ्याची वेगळी, सुवासाची वेगळी, अशा क्रमाने आशीर्वाद म्हणायचे आणि प्रेषित एलियाहू हनाबींचं स्मरण करायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे, त्यावरच्या खुणा एलियाहूंच्या रथाच्या आणि घोड्यांच्या मानतात. झाडांच्या नववर्षाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तिथे जाऊन मलिदा करणारे पुष्कळ. जगात दुसऱ्या कोणत्याही ज्यू समाजात हा विधी असा नाही. मलिदा हे नाव मुसलमान शेजाऱ्यांचं. दर्ग्यावर चढतो तो मलिदा पोळी कुस्करून, साखर घालून केलेला. आमच्या वाट्याला सिद्दीचा आणि मोगलाईचा शेजार बराच काळ आला, त्याच्या खुणा भाषेत भरपूर आहेत. प्रार्थनाघराला मशीद म्हणत, एलुल महिन्याच्या उपासांना रमजान म्हणत. नाव तिकडचं घेतलं, पोहे कोकणच्या भाताचे घेतले, सब्जा परसातला घेतला, आणि म्हटली ती बराखा. या थाळ्यात आमचा सगळा प्रवास दिसतो असं मला वाटतं.

शुक्रवारच्या संध्याकाळच्या पेल्याचंही असंच. किद्दुशला, म्हणजे शनिवार सुरू करण्याच्या आशीर्वादाला, द्राक्षाचा रस हवा. कोकणात द्राक्षं कुठली? काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या. ते शरबत पेल्यात. दोन चपात्या आणि मीठ. अजूनही बहुतेक घरी हेच असतं, नाशिकची द्राक्षं आणि वाइन हाताशी असूनसुद्धा.

मग पुस्तकं आली. सॅम्युएल दिवेकर हे कंपनीच्या पलटणीतले अधिकारी, टिपूच्या कैदेत पडले होते. सुटलो तर प्रार्थनाघर बांधीन असा त्यांचा नवस. 1796 साली मुंबईत मांडवी भागात त्यांनी शाआर हारहमीम बांधलं, ते आमचं पहिलं सिनेगॉग. कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांनी मराठीत हिब्रू व्याकरण शिकवलं, तरुण पलटणीत, गोदीत, रेल्वेत, कचेऱ्यांत, शाळांत आणि इस्पितळांत गेले. रेवदंड्याला, अलिबागला, पनवेलला, पेणला प्रार्थनाघरं उभी राहिली. 1874 साली पुण्यात पेसाहच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पेसाहच्या बेखमीर रोट्या करताना दिसतात. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार समाधान झालं: छापील पुस्तकाने निदान एका पानावर त्यांना त्यांची जागा दिली होती.

पण पुस्तकांबरोबर एक नुकसान झालं, आणि त्याबद्दल आमच्यात फारसं बोललं जात नाही. शिकलेल्या मंडळींना जुनी नावं अडाणीपणाची वाटू लागली. खिरीचा सण कोणत्याच ग्रंथात नव्हता, म्हणून तो हळूहळू मागे पडला. अनाशी ढाका हे नाव तर आज शंभरातल्या दोघांना माहीत असेल तर पुष्कळ. सुधारणा चूक होती असं मी म्हणणार नाही; हिब्रू शिकल्याशिवाय आम्ही जगातल्या इतर ज्यूंशी बोलू शकलो नसतो. मात्र ज्या नावांच्या आधाराने ग्रंथाविना कित्येक शतकं काढली, ती टाकताना कोणी निदान नीट नोंदवायला हवी होती. किहीमकरांनी नोंदवली, म्हणून आज आपल्याला कळतात. त्यांचे उपकार मोठे आहेत.

1948 नंतर समाज उठला. त्या वेळी भारतात आम्ही वीस हजारांच्या आसपास होतो. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक घरं इस्रायलला गेली आणि डिमोना, रामला, लोद, अश्दोद, बेअरशेवा अशा गावांत स्थिरावली. माझी मावशी डिमोनाला गेली. वाळवंटातलं नवं गाव. नारळ नाही, आमसूल नाही, वाल नाहीत, पोहे नाहीत. पहिल्या वर्षांबद्दल ती सांगते, “लिंबू पिळायचो आणि डोळे मिटून आमसूल म्हणायचो गो.” तिथल्या धर्मपीठाने त्या काळात आमच्या लोकांच्या लग्नांवर आक्षेप घेतले, वंशाची चौकशी सुरू केली. 1964च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, आणि ऑगस्टमध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं जाहीर केलं, तेव्हा तो प्रश्न मिटला. त्या सगळ्या काळाचा मला आजही राग येतो. रहाबींना जे एका दुपारी मासळीवरून कळलं, ते ग्रंथ जाणणाऱ्यांना कळायला इतकी वर्षं लागावीत?

मावशीच्या गावात आता भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत. पोहे मिळतात, डबाबंद नारळाचं दूध मिळतं, कडवे वाल कोणी ना कोणी इथून जाताना नेतं. तिची नातवंडं मराठी समजतात पण बोलत नाहीत. मलिदा मात्र करतात, सैन्यातून सुट्टीवर आलं की आधी तोच मागतात. तिथे गेल्यावर आमच्या लोकांनी इराकी, मोरोक्कन शेजाऱ्यांचे पदार्थ उचलले, आणि त्यांचे शेजारी चपाती-भाजी शिकले.

इकडे 2011च्या जनगणनेत भारतभर मिळून पाच हजारांहूनही कमी ज्यू नोंदले गेले. त्यातले बरेचसे मुंबई, ठाणे आणि रायगडमध्ये आहेत. 2016 साली महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातल्या कित्येक गावांत प्रार्थनाघर आहे, पण प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष नाहीत. जिथे दहा जमत नाहीत तिथेसुद्धा एखादी म्हातारी शुक्रवारी मनुका भिजत घालते, आणि आव महिन्यात वाल.

अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरुड, पेण, पनवेल या भागातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात इस्रायल आळी असेल, किंवा पूर्वी होती असं ऐकलं असेल, तर घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना विचारा की शेजारच्या शनिवार तेल्यांकडून कोणत्या महिन्यात कोणतं ताट यायचं, त्यात काय असायचं, आणि तुमच्या घरून त्यांना काय जायचं. सोडे घातलेली भाजी त्यांच्याकडे पाठवायची नाही, हे कोणी कसं शिकवलं तेही विचारा. गावाचं नाव, महिना, पदार्थ आणि प्रमाण एवढं वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे ते सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. तुमच्याकडे अजून असतील.